जयपूरचा कुंचला

जयपूर पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा हवामहाल, जंतरमंतर आणि आमेरचा किल्ला पाहून, एखादी सांगानेरी चादर व लाखेच्या बांगड्या घेऊन परत येतो. आम्हींहि हें सर्व यथासांग केलें. परंतु आमच्या प्रवासाचें निमित्त निराळें होतें, आणि तेथून जें घेऊन आलों तेंहि निराळेंच. तें वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं चित्रकलेच्या परीक्षांस बसणारीं मुलें आहेत अशा वाचकांस, सांगितल्यावांचून राहवत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त असें झालें. आमची नात यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेस बसणार आहे. तिला पशुपक्षी काढण्याचा मोठा नाद. गेल्या दिवाळींत तिनें एक ससा काढला. आकार बिनचूक, कान बिनचूक, डोळा तर सजीव, परंतु घरांतील सर्वांत धाकट्या टीकाकारानें तो पाहून "ही उशी कां काढलीस?" असा प्रश्न केला. पोरीनें तो कागद फाडला, दुसरा घेतला, आणि त्यावर एकेक केस रेखून काढला. दोन दिवस खपून ती तो आमच्याकडे घेऊन आली, तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी होतें. "आजोबा, केस काढले नाहींत तर उशी दिसते, आणि सगळे काढले तर साळिंदर दिसतें. मग काढायचे तरी कसे?"

आम्हीं उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविला. कुंचला कधीं हातीं धरिला नाहीं. तथापि पंडितास गप्प बसणें जड जातें. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत छायाप्रकाश दाखविण्याच्या तीन रीति सांगितल्या आहेत. त्यांस तेथें 'वर्तना' अशी संज्ञा आहे. पानावरील शिरांप्रमाणें रेषा ओढून होणारी ती पत्रजा, अतिसूक्ष्म रेषांची ती आहैरिक, आणि ठिपक्याठिपक्यांनीं साधणारी ती बिंदुजा. हें आम्हीं तिला मोठ्या उत्साहानें समजावून दिलें. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "पण कुंचला कुठें टेकवायचा आणि कुठें उचलायचा?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें जेथें मिळेल तेथें जावें असें ठरलें, आणि पौष महिन्यांत चिरंजीव, सूनबाई, नात व आम्ही उभयतां असे पांच जण मुंबईहून जयपूरच्या गाडींत बसलों.

सवाई जयसिंगानें हें शहर १७२७ सालीं वसविलें. विद्याधर नामक बंगाली पंडितानें त्याची आंखणी केली. ती अशी कीं, पटावर सोंगट्यांसाठीं घरें पाडावीं त्याप्रमाणें चौक, पेठा व हमरस्ते अद्यापि सरळ रेषेंत उभे आहेत. आज आपण ज्यास गुलाबी शहर म्हणतों तो रंग मात्र मागाहूनचा. १८७६ सालीं इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठीं तो दिला गेला. जंतरमंतरांतील उन्हांत उभे असतां आम्हांस जगन्नाथ सम्राटाचें स्मरण झालें. हा महाराष्ट्रीय ब्राह्मण जयसिंगाच्या पदरीं होता, आणि युक्लिडची भूमिति त्यानें अरबीवरून 'रेखागणित' या नांवानें संस्कृतांत आणिली. विद्या कोठून कोठें जाते याचा हा एक नमुना. दुसरा पुढें येईल. जयपूर दरबारांत निरनिराळ्या कामांचे कारखाने असत. त्यांतील चित्रांच्या कारखान्यास 'सूरतखाना' म्हणत. दरबार गेले, कारखानेहि गेले. परंतु ती विद्या कांहीं घराण्यांत बापाकडून मुलाकडे उतरत आली आहे. अशाच एका घराण्यांतील वृद्ध चितार्‍याकडे आमच्या उतारूगृहाच्या मालकानें आम्हांस नेलें.

जुन्या शहरांतील अरुंद गल्ली, तींत तीन पायर्‍या चढून एक लहानसें अंगण, अंगणांत एक शेळी बांधलेली, आणि पलीकडे उत्तरेस खिडकी असलेली खोली. उस्तादजी भिंतीस टेकून, गुडघ्यावर फळी घेऊन बसले होते. भोंवतीं शिंपल्यांत कालविलेले रंग, प्रत्येकांत बाभळीचा डिंक. आमचा हेतु ऐकून ते हंसले व म्हणाले, "सांगून येत नाहीं, मास्टरजी. कांहीं काम द्या; मी करतों, मुलगी बघेल." त्यांचें बोलणें ढुंढाडी मिसळलेल्या हिंदींत होतें, आम्ही त्याचा मथितार्थ तेवढा देत आहों.

काम कोणतें द्यावें याचा विचार करावा लागला नाहीं. पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील, अपरीक्षितकारकांतील, ब्राह्मणी व मुंगूस यांची कथा आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविली आहे. पाळण्यांतील मुलाचें सापापासून रक्षण करून, रक्तानें माखलेल्या तोंडानें तें मुंगूस आनंदानें सामोरें येतें. त्यानें बाळासच खाल्लें असें समजून ब्राह्मणी पाण्यानें भरलेली घागर त्याच्या अंगावर टाकते. आणि घरांत जाऊन पाहते तों मूल सुखरूप व जवळ साप मेलेला. ही कथाहि जगन्नाथ सम्राटाच्या भूमितीसारखीच मोठी प्रवासी, फक्त उलट वाटेची. सहाव्या शतकांत पंचतंत्र इराणांत पहलवी भाषेंत गेलें, आठव्या शतकांत 'कलीला व दिम्ना' या नांवानें अरबींत, आणि पंधराव्या शतकांत 'अन्वार-इ-सुहैली' होऊन फारशींत. त्या फारशी ग्रंथासाठीं अकबराच्या चितार्‍यांनीं चित्रें काढलीं. सुमारें १५७५ च्या अशा एका सचित्र प्रतीचीं पानें आपल्या मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहीं आहेत. तेव्हां आपल्या पशुकथा परदेशीं जाऊन, परत येतांना चित्रांचीं वस्त्रें लेऊन आल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं. आम्हीं उस्तादजींस सांगितलें, "पाळणा, मेलेला साप आणि मुंगूस. ब्राह्मणी अजून यावयाची आहे." त्यांनीं वीतभर कागद पुढें ओढला.

या कागदास 'वसली' म्हणतात. हातकागदाचे कांहीं थर पिठाच्या खळीनें एकावर एक चिकटवून तो करतात. कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालतात. मग तो अकीकाच्या गोट्यानें घोटतात, तेव्हां त्यावर कांचेसारखी तुकतुकी येते. अशा पृष्ठावर केसासारखी बारीक रेघ ओढली तरी ती फुटत नाहीं. पहिला दिवस रेखांकन, सपाट रंग आणि घोटाई यांतच गेला. मुंगसाच्या जागीं मातकट करड्या रंगाचा एक आकार तेवढा झाला होता, आणि पोट, मान व पायांच्या बगला येथें थोडी गडद छाया. नात हळूच म्हणाली, "ही पण उशीच आहे." उस्तादजींस तें कळलें. ते म्हणाले, "उशी नव्हे. आंत हाडें आहेत. केस कपडा आहे. कपड्याच्या आंत आधीं शरीर पाहिजे."

दुसर्‍या दिवशीं सकाळीं त्यांनीं तिला कागदाजवळ बसूंच दिलें नाहीं. अंगणांतील शेळीजवळ पाठविलें. डोळे मिटून तिच्या अंगावरून हात फिरव, आणि केस कोणत्या बाजूस जातात तें कोळशानें बाणांनीं दाखव, केस एकहि काढूं नकोस, अशी आज्ञा. पोर तासभर शेळीशीं झटली. नाकाच्या शेंड्यापाशीं केस आंखूड असून तेथून ते मागें निघतात, दोन डोळ्यांमधून कपाळावर चढतात, कानांशीं दुभंगतात, मानेवरून खालीं उतरतात, खांद्याच्या हाडाशीं भोंवर्‍याप्रमाणें वळतात, आणि पोटाकडे लोंबतात. हा बाणांचा नकाशा झाल्यावर उस्तादजी म्हणाले, "नदी कशी वाहते तें समजल्यावांचून पाणी काढतां येत नाहीं."

नंतर त्यांनीं मुंगसास हात घालण्याची तयारी केली. तेवढ्यांत आमच्या नातीनें आपल्या पेटींतून एक कुंचला काढून दोन्ही हातांनीं त्यांच्यापुढें धरिला. "उस्तादजी, हा घ्या ना. माझ्या आजोबांनीं दिलाय. सगळ्यांत छान आहे." उस्तादजींनीं तो उजेडाकडे धरिला, केसांवरून अंगठा फिरविला, आणि थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. मग तो तिला परत न देतां आमच्यापुढें फळीवर ठेवला व इतकेंच म्हणाले, "मास्टरजी, हा नेवल्याचा आहे."

नेवला म्हणजे मुंगूस. समोरच्या कागदावर पाळण्यापाशीं मुंगूस उभें होतें, आणि त्याचे केस रंगविण्यासाठीं आम्हीं त्याच्याच जातभाईचे केस पुढें केले होते.

उस्तादजींनीं जें सांगितलें तें पुढें आम्हीं पडताळून पाहिलें; तें खरें आहे. मुंगसाचे केस ताठ असून लवचीक, पाणी धरणारे आणि टोंकास निमुळते असतात. म्हणून चितार्‍यांच्या कुंचल्यांसाठीं त्यांस फार मागणी. परंतु मुंगूस कांहीं मेंढीसारखें उभें राहून लोकर कातरूं देत नाहीं. तें फांसांत धरून मारलें जातें. एका जनावराकडून कामाचे असे केस मूठभरहि निघत नाहींत. शेरभर केसांसाठीं पन्नासाच्या आसपास मुंगसें मारावीं लागतात असा वन्य प्राण्यांच्या चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवणार्‍या मंडळींचा हिशेब आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगूस संरक्षित असून त्याच्या केसांचे कुंचले करणें व विकणें हा अपराध आहे. असें असतांहि हा व्यापार चालत आला, तो विकत घेणारीं आमच्यासारखीं भलीं माणसें आहेत म्हणून.

आमची स्थिति काय झाली हें आम्ही लपवीत नाहीं. शाळेंत असतां चित्रकलेंत पहिल्या येणार्‍या मुलास स्नेहसंमेलनांत कुंचल्यांचा संच बक्षीस देण्याचा आमचा परिपाठ होता. पदरचे पैसे खर्चून, दुकानांत जाऊन, "असली केसांचेच द्या" असें बजावून आम्ही ते घेत असूं. असली केस म्हणजे कोणाचे, हें आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं. ज्या वर्गांत मुंगसाची कथा सांगून 'नीट परीक्षा केल्यावांचून कांहीं करूं नये' असा उपदेश केला, त्याच वर्गांतील मुलांच्या हातीं ते कुंचले दिले. असा क्रम सतरा वर्षें चालला. ब्राह्मणीनें घागर एकदांच टाकली. तिला निदान क्षणाचा क्रोध ही सबब होती.

नात आमच्या तोंडाकडे पाहत होती. "आजोबा, तुम्हांला माहीत नव्हतं ना?" "माहीत नव्हतें," आम्ही म्हणालों, "आणि विचारलें नाहीं." यावर ती कांहीं बोलली नाहीं. तिनें तो कुंचला रुमालांत गुंडाळून आमच्या पिशवींत ठेवला.

उस्तादजींनीं आपला कुंचला काढला. त्यांच्या वडिलांच्या वेळीं खारीच्या शेपटीचे केस वापरीत. दाणे टाकून टोपलीखालीं खार धरावयाची, शेपटीचे थोडे केस कातरावयाचे व तिला सोडून द्यावयाचें. ते केस दोर्‍यानें बांधून कबुतराच्या पिसाच्या नळींत बसवावयाचे. लोक समजतात कीं हा कुंचला एका केसाचा असतो. तसें नाहीं; एका केसांत रंग कसा राहणार? केस पुष्कळ असतात, पोटाशीं रंग धरतात, आणि टोंकाशीं त्यांतला एकच पुढें राहतो. आतां ते खारहि धरीत नाहींत. बाजारांतील कृत्रिम तंतूंचा बारीक कुंचला आणून, कडेचे तंतु पात्यानें छाटून, त्यास ते तसेंच टोंक आणतात. "फरक काय पडतो?" आम्हीं विचारलें. "यांत पाणी कमी राहतें," ते म्हणाले. "हात शिंपलीकडे जास्त वेळां न्यावा लागतो. एवढाच."

आतां नातीच्या मूळ प्रश्नाचें उत्तर. केस जेथें उगवतो तेथें कुंचला टेकवावयाचा आणि जेथें संपतो तेथें उचलावयाचा. म्हणजे मुळाशीं रेघ किंचित् भरीव व शेंड्याशीं आपोआप निमुळती होते. काम शेपटीकडून डोक्याकडे करीत यावयाचें. कारण पुढचा केस मागच्याच्या मुळावर पडलेला असतो. आपण घर शाकारतांना कौलें वळचणीकडून आढ्याकडे लावीत जातों, तसेंच हें. प्रथम गडद रेघा, त्या सुकल्यावर मधल्या रंगाच्या, शेवटीं फिक्या. आणि प्रत्येक वेळीं आधींच्या कांहीं रेघा तशाच राहूं द्यावयाच्या. एका मापाच्या, एका अंतराच्या रेघा ओढल्या कीं साळिंदर झालें म्हणून समजावें. केस पुंजक्यांनीं वागतात, कोठें जवळ येतात, कोठें फांकतात. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे केस सर्वत्र काढावयाचे नाहींत. अंगाच्या कडेवर, जेथें सरळ रेघ राहिली तर उशी होते तेथें, काढावयाचे. सावली संपून उजेड लागतो त्या संधीवर काढावयाचे. मधला भाग पाहणार्‍याच्या डोळ्यावर सोंपवावयाचा. डोळा तो भरून काढतो. बारीक रेघा व ठिपके यांच्या या कामास चितारी 'परदाज' म्हणतात. आमची आहैरिक व बिंदुजा वर्तना ती हीच कीं काय, असें मनांत येऊन आम्हांस थोडें समाधान वाटलें.

मुंगसाचें काम त्यांतहि कठीण. त्याचा करडा रंग हा रंगच नव्हे. त्याच्या एकेका केसावर गडद व फिके पट्टे असतात, आणि असे सहस्रावधि केस मिळून दुरून करडा भास होतो. म्हणून सबंध रेघ न ओढतां गडद तुकडा, फिका तुकडा, असें तुटक काम करावें लागतें. तिसर्‍या दिवशीं दुपारपर्यंत तें चाललें. शेवटीं तांबूस डोळा, त्यांतील आडवी बाहुली, आणि श्वास रोखून ओढलेल्या पांढर्‍या मिशा. आमच्या सौभाग्यवतींनीं इतका वेळ कांहीं मत दिलें नव्हतें. त्या चित्राकडे पाहून म्हणाल्या, "आतां ती घागर घेऊन यायच्या आधीं कुणी तरी तिला सांगा हो."

काम चालतां चालतां उस्तादजी मन्सूरविषयीं बोलले. जहांगीर बादशहानें ज्यास 'नादिर-उल्-अस्र', म्हणजे आपल्या काळाचें आश्चर्य, ही पदवी दिली तोच हा चितारी. १६२१ सालीं बादशहास हबसाणाकडील एक झेब्रा नजर झाला. त्याचे पट्टे पाहून कित्येकांस वाटलें कीं, कोणी रंग लावून आणला असावा. बारकाईनें तपासल्यावर ते ईश्वरानेंच काढले आहेत अशी खात्री झाली, असें बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. मन्सूरनें काढलेलें त्या झेब्र्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. आम्हांस या कथेंतील 'तपासल्यावर' हा शब्द तेवढा टोंचला.

परत आल्यावर आम्हीं आमचे ग्रंथ पुन्हां उघडले. कल्याणीच्या चालुक्य कुळांतील तिसर्‍या सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत कुंचल्यासाठीं वासराच्या कानांतील केस सांगितले आहेत. पुढें केरळांत श्रीकुमारानें रचिलेल्या 'शिल्परत्नांत' जाड कुंचल्यास वासराच्या कानाचे, मध्यमास बोकडाच्या पोटाचे आणि सूक्ष्मास खारीच्या शेपटीचे केस सांगितले आहेत. हें सर्व आम्हीं पूर्वीं वाचलें होतें; परंतु एक गोष्ट या वेळीं प्रथमच ध्यानांत आली. कान, पोट व शेपटी येथील केस कातरीनें घेतां येतात, आणि जनावर आपल्या वाटेनें जाऊं शकतें. सेतुबंधनांतील खारीचा वाटा आपण नेहमीं बोलून दाखवितों. चित्रविद्येंतहि तिचा वाटा आहे. परंतु तो वाटा देऊन ती झाडावर परत गेली पाहिजे. सर्वस्व हिरावून घेणें यास वाटा म्हणत नाहींत.

कपाटांत जुन्या संचांतील अकरा कुंचले शिल्लक होते, आणि नातीचा एक. ते बारा कुंचले आम्हीं वनखात्याच्या कचेरींत नेऊन दिले, आणि आपली हकीकत लिहून दिली. आमच्या जुन्या शाळेंतहि पत्र पाठविलें कीं, बक्षीस द्यावयाचें तें कृत्रिम तंतूंच्या कुंचल्यांचें द्यावें. खर्च आम्ही सोसूं. वाचकांसहि विनंति आहे कीं, घरांतील कुंचले एकवार उजेडांत पाहावे. एकाच केसावर गडद-फिके पट्टे दिसले तर संशय घ्यावा. आणि दुकानदार 'असली' म्हणाला तर 'कोणाचे?' असें विचारावें. एवढा एक प्रश्न आम्हीं सतरा वर्षांत केला नाहीं.

मुंगसाचें चित्र आमच्या माजघरांत लावलें आहे. नातीनें मध्यंतरीं पुन्हां एक ससा काढला, कृत्रिम तंतूंच्या कुंचल्यानें, शेपटीकडून डोक्याकडे येत. तो पुरा झाल्यावर तिनें तो मुद्दाम आमच्या धाकट्या टीकाकाराच्या पुढें ठेवला व ती दारांत उभी राहिली. त्यानें पुष्कळ वेळ पाहिलें. उशीचें नांव काढलें नाहीं. मग हळूच एक बोट कागदावर ठेवलें, आणि डोक्याकडून शेपटीकडे फिरविलें.